भिंत चित्रकाराची, चौकट छायाचित्रकाराची : स्वतःच्या छायाचित्राची चिकित्सा आणि पुनर्रचना

सार्वजनिक भिंतींवर रंग, फवारा, कापलेले साचे किंवा डकवलेले कागद यांच्या साहाय्याने साकारल्या जाणाऱ्या कलेला सर्वसाधारणपणे स्ट्रीट आर्ट असे म्हटले जाते, आणि मुंबईत या कलेचा गेल्या काही वर्षांत जो विस्तार झाला त्यामुळे छायाचित्रकारांना एक नवे विषयक्षेत्र उपलब्ध झाले आहे. सेनापती बापट मार्गालगतची लांबलचक भिंत २००९ मध्ये ‘वॉल प्रोजेक्ट’च्या निमित्ताने रंगली, २०१२ पासून रणजित दहिया यांच्या ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’मुळे वांद्र्याच्या गल्ल्यांत चित्रपटसृष्टीतील चेहरे अवतरले, २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र उभे राहिले, २०१७ मध्ये चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर ब्राझीलचे चित्रकार एदुआर्दो कोब्रा यांनी महात्मा गांधींचे चित्र रंगवले आणि त्याच वर्षी ससून डॉकच्या गोदामांत कलाप्रकल्प भरून कोळी समाजातील व गोदीवर राबणाऱ्या माणसांचे चेहरे भिंतींवर झळकले. अशा भिंतींसमोर काढलेली छायाचित्रे प्रथमदर्शनी आकर्षक दिसतात, परंतु त्या आकर्षणातला किती भाग मूळ चित्रकाराचा आणि किती भाग छायाचित्रकाराचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्वतःच्या अशा छायाचित्राची चिकित्सा करताना हाच प्रश्न मध्यवर्ती मानावा आणि पुनर्रचनेची प्रत्येक कृती छायाचित्रकाराचा वाटा वाढवते की नाही, या एकाच कसोटीवर तपासावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अंतर आणि पूर्वतयारी

छायाचित्र काढल्याच्या दिवशीच त्याचे मूल्यमापन करणे सहसा फसवे ठरते, कारण ते मिळवण्यासाठी झालेली पायपीट, उन्हात केलेली प्रतीक्षा आणि अचूक क्षण साधल्याचा आनंद या सर्व गोष्टी पाहणाऱ्याच्या मनात त्या चित्राला चिकटलेल्या असतात, मात्र तिऱ्हाईत प्रेक्षकाला त्यांतले काहीच दिसत नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड हे आपली रिळे मुद्दाम दीर्घकाळ न धुता ठेवत असत आणि त्यामागे हेच कारण होते. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे २,५०० रिळे धुण्यावाचून राहिलेली होती. इतक्या टोकाला जाण्याची आवश्यकता नसली तरी काही आठवड्यांचे अंतर ठेवणे उपकारक ठरते. त्यानंतर चित्राची किमान वहीच्या पानाएवढी छापील प्रत काढावी, ती उलटी धरून पाहावी, म्हणजे चेहरे व अक्षरे ओळखण्याची सवय बाजूला पडून फिकट-गडद भागांचे वजन स्पष्ट होते, आणि तेच चित्र काडेपेटीएवढे लहान करूनही पाहावे, म्हणजे रचनेचा मूळ सांगाडा शिल्लक राहतो की केवळ रंगांचा गलबला उरतो, हे कळते.

आधी वर्णन, मग निर्णय

कलाशिक्षणाचे अभ्यासक एडमंड बर्क फेल्डमन यांनी कलाकृतीच्या समीक्षेसाठी वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यनिर्णय असा चार पायऱ्यांचा क्रम सुचवला, आणि स्वतःच्या कामाकडे पाहताना तो विशेष उपयुक्त ठरतो, कारण स्वतःच्या चित्राबाबत पहिल्या तीन पायऱ्या ओलांडून थेट ‘चांगले’ किंवा ‘फसले’ असा निकाल देण्याकडे मनाची ओढ असते. वर्णनाच्या पायरीवर चौकटीत दिसणाऱ्या गोष्टींची विशेषणविरहित नोंद करावी लागते. उदाहरणादाखल वांद्र्यातील एखाद्या गल्लीत काढलेले छायाचित्र कल्पिता येईल. भिंतीवर अभिनेत्रीचा दोन पुरुष उंचीचा चेहरा रंगवलेला आहे. त्यासमोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेविक्रेती डावीकडून उजवीकडे जात आहे. पाटीची कड चित्रातील हनुवटीला नेमकी टेकलेली दिसते. डाव्या कोपऱ्यात स्कूटरचे अर्धे चाक आले आहे. वरून खाली आलेला पावसाळी पाण्याचा नळ चेहऱ्याच्या गालावरून गेला आहे. विक्रेतीचा चेहरा सावलीत असून तिची पावले चौकटीच्या खालच्या कडेने कापली गेली आहेत. एवढी नोंद कागदावर उतरली की यांतील कोणत्या गोष्टी चित्र काढताना लक्षात आल्या होत्या आणि कोणत्या आपोआप आत शिरल्या, हे वेगळे करता येते. सामान्यतः दुर्बलता दुसऱ्या गटात सापडते, पण क्वचित चित्राचे खरे सामर्थ्यही तिथेच दडलेले असते.

विश्लेषणाची पाच अंगे

विश्लेषणासाठी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील छायाचित्र विभागाचे संचालक जॉन झारकोव्स्की यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पाच अंगे आधाराला घेता येतात, ती म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिबिंदू. वस्तूच्या संदर्भात लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, रंगवलेली भिंत ही आधीच एका व्यक्तीने रचलेली, रंगसंगती ठरवलेली आणि कडा आखलेली प्रतिमा असते, त्यामुळे तिचे छायाचित्र हे प्रतिमेची प्रतिमा असते आणि त्यात निवडीचे स्वातंत्र्य मुळातच आकुंचित झालेले असते. तपशिलाच्या अंगाने पोपडे, ओल, चिकटवलेली भाडेपत्रके, विजेच्या तारा आणि वर उल्लेखिलेला नळ यांचा विचार करावा, कारण चित्रकाराने न रंगवलेल्या या गोष्टींमधून भिंतीचे आयुष्य प्रकट होते आणि त्या टिपणे हे छायाचित्रकाराचेच काम असते.

चौकटीच्या अंगाने कडांची फेरी मारणे आवश्यक ठरते, म्हणजे नजर चारही कडांवरून सावकाश फिरवून प्रत्येक ठिकाणी काय कापले गेले आणि ते कापण्यास काही कारण होते का, हे विचारावे लागते. कल्पिलेल्या उदाहरणातील कापलेली पावले आणि अर्धे चाक या दोहोंना असे कारण देता येत नाही. काळाच्या अंगात क्षण आणि प्रहर असे दोन्ही घटक येतात: चालणाऱ्या व्यक्तीचे पाऊल उचललेले आहे की टेकलेले, यावर तिच्या आकृतीची स्पष्टता अवलंबून असते, तर सूर्य कोणत्या बाजूला आहे यावर भिंत आणि व्यक्ती यांच्या प्रकाशातील तफावत ठरते. दृष्टिबिंदू म्हणजे कॅमेऱ्याची जागा व उंची. ती बदलली की पुढची व्यक्ती आणि मागचे चित्र यांचे परस्परस्थान बदलते, म्हणून पाटी हनुवटीला टेकण्यासारखे योगायोग हे बव्हंशी दृष्टिबिंदूचे परिणाम असतात. दोन आकृत्यांच्या कडा केवळ स्पर्श करून थांबतात तेव्हा खोलीचा भास नष्ट होतो आणि दोन्ही आकृत्या एकमेकींना अडवतात. त्याऐवजी त्या स्पष्टपणे एकमेकींवर याव्यात किंवा त्यांच्यात निश्चित मोकळी जागा असावी.

वाट्याचा प्रश्न

या टप्प्यावर मध्यवर्ती प्रश्नाकडे वळता येते, आणि त्यासाठी एक साधी चाचणी पुरेशी आहे: छायाचित्रातील रंगवलेली भिंत मनातल्या मनात पांढरी करावी आणि उरलेल्या भागात पाहण्यासारखे काय शिल्लक राहते ते तपासावे, त्यानंतर उलट बाजूने व्यक्ती व परिसर पुसून केवळ भिंत उरली तर काय हरवते तेही तपासावे. दोन्ही वेळा काहीतरी मोलाचे हरवत असेल तर त्या छायाचित्रात खरा संबंध निर्माण झाला आहे. दुसऱ्या वेळी काहीच हरवत नसेल तर व्यक्ती ही केवळ भरणा आहे आणि प्रेक्षकाला भावलेली गोष्ट मूळ चित्रकाराची आहे, असे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे काढलेले, साचलेल्या पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे छायाचित्र या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. त्यात मागील भिंतीवर डकवलेल्या पत्रकातील नर्तिकेची झेप पुढच्या माणसाच्या झेपेला प्रतिसाद देते, आणि दोन्ही झेपा पाण्यातील प्रतिबिंबांमुळे दुणावतात. ते पत्रक चौकटीत अगदी लहान जागा व्यापते, तरीही ते काढून टाकले तर चित्र निर्धन होते आणि माणूस काढून टाकला तर पत्रकाला काहीच अर्थ उरत नाही. भिंतीवरील प्रतिमेने किती जागा व्यापावी यापेक्षा ती कोणत्या नात्यात उभी राहते हे महत्त्वाचे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

मात्र सर्वच छायाचित्रांना ही कसोटी सारख्याच कठोरपणे लावणे अन्यायाचे होईल, कारण भिंतीचे दस्तऐवजीकरण हे स्वतंत्र आणि आदरणीय कार्य आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवरील ग्राफिटी, म्हणजे फवाऱ्याने रंगवलेली नावे व अक्षरचित्रे, मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांनी टिपली आणि १९८४ मध्ये ‘सबवे आर्ट’ या पुस्तकातून प्रसिद्ध केली. ते डबे पुढे धुतले गेले, पुसले गेले, आणि आज त्या कलेची ओळख प्रामुख्याने अशा छायाचित्रांतूनच उरली आहे. दस्तऐवजी छायाचित्रात संपूर्ण कलाकृती, विश्वासार्ह रंग, भोवतालचा संदर्भ, तारीख आणि ठिकाण यांना महत्त्व येते. याच्या दुसऱ्या टोकाला ब्रासाई आणि ॲरन सिस्किंड यांच्यासारखे छायाचित्रकार दिसतात: ब्रासाई यांनी १९३० च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर कोरलेले चेहरे व खुणा इतक्या जवळून टिपल्या की त्यांना आदिम शिल्पांचे रूप आले, तर सिस्किंड यांनी सोललेला रंग व फाटलेली पत्रके यांतून अमूर्त रचना घडवल्या. आपले छायाचित्र नोंद, संबंध आणि रूपांतर यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे चिकित्सा करणाऱ्याने एका वाक्यात लिहून ठेवावे, कारण पुनर्रचनेची दिशा त्या वाक्यावरच अवलंबून असते.

रंगीत भिंतीचे तांत्रिक सापळे

रंगवलेल्या भिंतीसमोर काही तांत्रिक दोष हमखास उद्भवतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या पृष्ठभागाच्या छटेकडे, नेण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे पांढऱ्या किंवा पिवळ्या भिंतीने चौकट व्यापली असेल तर सबंध चित्र गरजेपेक्षा गडद येते आणि समोरच्या माणसाचा चेहरा काळवंडतो. दुसरा सापळा शुद्ध रंगांचा असतो. डिजिटल प्रतिमा लाल, हिरवा व निळा अशा तीन वाहिन्यांनी बनते, आणि भडक लाल रंगाच्या भागात एकटी लाल वाहिनी कमाल मर्यादेला पोहोचली की तेथील कुंचल्याचे फटकारे व भिंतीचा पोत नाहीसा होऊन सपाट लाल डाग उरतो. उजळ-गडद छटांचे वितरण दाखवणारा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, तिन्ही वाहिन्यांसाठी स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय हा दोष लक्षात येत नाही. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात, म्हणून पुनर्रचनेचा विचार असणाऱ्याने मूळ टिपण रॉ स्वरूपातच करावे.

तिसरा सापळा तिरप्या होणाऱ्या उभ्या रेषांचा आहे: उंच भित्तिचित्र चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर कलवला की इमारतीच्या कडा वरच्या बाजूला एकत्र येऊ लागतात, आणि संगणकावर त्या सरळ केल्यास वरचा भाग ताणला जातो, बाजूंचा काही भाग गमवावा लागतो व समोरची माणसे अनैसर्गिक उंच दिसू लागतात. चौथा दोष रंगछटेचा असतो, कारण उन्हात तळपणारी भिंत स्वतःच प्रकाशाचा स्रोत बनून जवळच्या त्वचेवर आपला रंग पाडते. सबंध चित्राचा रंगसमतोल बदलून तो दोष जात नाही, केवळ त्या भागापुरती दुरुस्ती करावी लागते. स्वतःच्या चित्रातील दोष या चारांपैकी कोणत्या कारणाने आला हे ओळखले की तो घरबसल्या दुरुस्त होण्याजोगा आहे की त्यासाठी पुन्हा भिंतीसमोर जावे लागेल, याचा निर्णय सोपा होतो.

पुनर्रचनेची पहिली पातळी : आहे तेच नीट मांडणे

पहिल्या पातळीवर काही नवे न आणता चौकट, छटा आणि रंग यांची फेरमांडणी केली जाते. छाटणी, म्हणजे क्रॉप, हे यातील सर्वांत प्रभावी साधन असून ते कमीपणाचे लक्षण नाही. छाटणीला सर्वसाधारणपणे विरोध करणाऱ्या कार्तिए-ब्रेसाँ यांनीही वर उल्लेखिलेल्या छायाचित्राची बाजू छाटली होती, कारण ते कुंपणाच्या फटीतून काढलेले असल्याने चौकटीचा काही भाग अडला होता. वांद्र्याच्या उदाहरणात डावीकडचे अर्धे चाक छाटून टाकणे उचित ठरते, परंतु खाली कापली गेलेली पावले छाटणीने परत येत नाहीत. तेथे धीटपणे गुडघ्यांच्या वर कड आणून पाटी, चेहरा आणि भिंतीवरचा डोळा या तिघांतील नाते केंद्रस्थानी आणता येते. मूळ चित्रातील अपघात छाटणीनंतर निर्णयासारखा दिसू लागला, तरच ती छाटणी यशस्वी मानावी.

त्यानंतर छटांचा क्रम ठरवावा लागतो, म्हणजे प्रेक्षकाची नजर प्रथम कोठे पडावी आणि नंतर कोठे जावी हे निश्चित करून त्यानुसार विशिष्ट भाग किंचित उजळ व काही भाग किंचित गडद करावे लागतात. अन्सेल ॲडम्स यांनी न्यू मेक्सिकोतील हर्नांडिझ या गावावर उगवलेल्या चंद्राचे १९४१ चे छायाचित्र पुढील अनेक दशके पुन्हा पुन्हा छापले, आणि आरंभीच्या प्रतींत फिकट ढगांच्या पट्ट्यांनी भरलेले आकाश नंतरच्या प्रतींत जवळजवळ काळे होत गेले. एकाच मूळ निगेटिव्हमधून चित्राचा आशय किती बदलू शकतो, याचे ते वस्तुनिष्ठ उदाहरण आहे. भिंतीच्या छायाचित्रात नवशिक्याचा कल रंगांची भडकता वाढवण्याकडे असतो, तथापि त्यामुळे चित्रकाराचाच आवाज मोठा होतो. बहुतेक प्रसंगी भिंतीचे रंग थोडे मंद करून समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश आणणे अधिक फलदायी ठरते. मूळ फाइल अबाधित ठेवून प्रत्येक बदल स्वतंत्र स्तरावर करावा आणि किमान तीन भिन्न आवृत्त्या छापून शेजारी शेजारी लावाव्यात, कारण एकट्या आवृत्तीकडे पाहताना तिचे दोष सवयीने दिसेनासे होतात.

दुसरी पातळी : भिंतीच्या भाषेत रूपांतर

स्ट्रीट आर्टपासून प्रेरणा घेणे याचा अधिक सखोल अर्थ तिच्या विषयापेक्षा तिची रीत आत्मसात करणे हा आहे. पॅरिसमध्ये १९८१ पासून ब्लेक ल रा या नावाने वावरणाऱ्या चित्रकाराने कापलेल्या साच्यांवरून, म्हणजे स्टेन्सिलवरून, फवारा मारून आकृत्या उमटवण्यास सुरुवात केली, आणि या पद्धतीची शिस्त छायाचित्रालाही लागू करता येते. त्यासाठी चित्र कृष्णधवल करावे, पोताचा गोंगाट कमी होईल इतपत किंचित मऊ करावे आणि छटांची संख्या तीन किंवा चारवर आणावी. या छटामर्यादेच्या प्रक्रियेस पोस्टराइज म्हणतात, आणि केवळ काळा व पांढरा उरेपर्यंत ती नेली की तिला थ्रेशोल्ड असे नाव आहे. प्रत्येक छटेसाठी एक स्वतंत्र साचा असे मानून फिकटाकडून गडदाकडे थर चढवावेत. प्रत्यक्ष कागद कापायचा असेल तर पूर्णपणे वेढलेले भाग, उदाहरणार्थ डोळ्यातील पांढरा ठिपका, साच्यातून गळून पडतात, म्हणून त्यांना मुख्य कागदाशी जोडणाऱ्या अरुंद पट्ट्या राखाव्या लागतात. या पट्ट्या कोठे ठेवायच्या हे ठरवताना चेहऱ्यातील कोणत्या रेषा अनिवार्य आहेत आणि कोणत्या वगळता येतात, हे जितके कळते तितके ते कोणत्याही संगणकीय परिणामातून कळत नाही.

येथे एक मर्यादा कसोशीने पाळणे आवश्यक आहे. रूपांतरासाठी घ्यायची सामग्री स्वतःच्या वाट्यातलीच असावी, म्हणजे उदाहरणातील विक्रेतीची चाल, पाटीचा वर्तुळाकार, मानेचा ताठपणा यांवरून साचा करावा. भिंतीवरील अभिनेत्रीचा चेहरा छटामर्यादित करून त्याला नवी कृती म्हणणे ही दुसऱ्याच्या रेषेची नक्कल ठरते. अमेरिकन कलावंत शेपर्ड फेअरी यांनी २००८ मध्ये केलेले बराक ओबामा यांचे ‘होप’ हे प्रसिद्ध पोस्टर छायाचित्रकार मॅनी गार्सिया यांनी २००६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काढलेल्या छायाचित्रावर आधारलेले होते, त्यावरून न्यायालयीन वाद उद्भवला आणि २०११ मध्ये तो तडजोडीने मिटला. तेथे छायाचित्रावरून पोस्टर झाले होते, भिंतीवरून छायाचित्र होताना प्रवास उलट होतो, परंतु ऋण मान्य करण्याचे कर्तव्य दोन्ही दिशांना सारखेच आहे.

पुन्हा भिंतीकडे

चिकित्सेचे सर्वांत मौलिक फलित पुष्कळदा दुसऱ्या छायाचित्रातच मिळते. वर्णनात नोंदलेल्या त्रुटींवरून पुढील भेटीची यादी तयार करावी: पश्चिमाभिमुख भिंतीवर सकाळी एकसमान सावली आणि सायंकाळी तिरपा प्रकाश असतो, म्हणून प्रहर ठरवून जावे, चालत्या व्यक्तीसाठी शटरचा वेग सेकंदाच्या २५० व्या भागाइतका ठेवावा, व्यक्ती व भिंत दोन्ही स्पष्ट हव्या असल्यास भिंगाचे छिद्र एफ ८ च्या आसपास असावे, आणि चौकट आधी निश्चित करून तिच्यात माणसाच्या येण्याची वाट पाहावी. ब्रासाई पॅरिसमधील भिंतींची ठिकाणे वहीत नोंदवून काही वर्षांनी त्याच खुणांकडे परतत असत आणि झालेला बदल टिपत असत. कोकणपट्टीतील पावसाळा एका हंगामात भिंतीवर शेवाळ आणतो आणि रंगाचे पोपडे काढतो, त्यामुळे मुंबई-गोव्यातील छायाचित्रकाराला जूनआधीची आणि सप्टेंबरनंतरची भिंत या दोन वेगळ्या भिंती मानून काम करता येते.

हक्क आणि सौजन्य

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असलेले शिल्प किंवा कलाकुसरीची कृती यांचे छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास मुभा देते, परंतु या तरतुदीत रंगचित्राचा तसा उल्लेख नाही, म्हणून भित्तिचित्राचे छायाचित्र विकताना किंवा जाहिरातीसाठी देताना चित्रकाराची अनुमती घेणे हाच सुरक्षित आणि शिष्टसंमत मार्ग होय. याच कायद्यातील कलम ५७ कलावंताला कर्तृत्वाचे श्रेय मागण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधक ठरणाऱ्या विकृतीस विरोध करण्याचा विशेष हक्क देते. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिलेला निर्णय याच कलमावर आधारलेला होता. चौकटीतील माणसाचाही विचार तितकाच महत्त्वाचा आहे. कष्टकरी व्यक्ती ही रंगीत पार्श्वभूमीची सजावट नसते, म्हणून चेहरा ओळखू येत असेल तर तिला चित्र दाखवावे, तिची संमती विचारावी आणि शक्य असल्यास छापील प्रत तिच्या हाती द्यावी.

अखेरीस प्रत्येक आवृत्तीसोबत चार ओळींची नोंद ठेवावी, जिच्यात चित्र कोणत्या प्रकारचे आहे, भिंत कोणी रंगवली, छायाचित्रकाराने स्वतः काय घातले आणि कोणता दोष अद्याप उरला आहे, एवढे लिहिलेले असावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नसेल तर ते छायाचित्र कितीही देखणे असले तरी प्रदर्शनास पाठवू नये आणि पुन्हा त्या भिंतीसमोर जावे. ते उत्तर स्पष्टपणे लिहिता आले तर पुनर्रचना तेथेच थांबवावी आणि चित्रकाराचे नाव आपल्या नावाशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत छापावे.